भरलेला ट्रक गिअर उतरवत, धक्का न देता कसा थांबवायचा

साताऱ्याकडून येताना कात्रजचा नवा बोगदा संपला की नवले पुलापर्यंत रस्ता सलग उतरत जातो. रुंद, गुळगुळीत रस्ता असल्यामुळे तो उतार डोळ्यांना फारसा कळत नाही, पण ट्रकला कळतो. तीन अॅक्सलचा भरलेला ट्रक 28 टनांच्या आसपास भरतो. या टप्प्यावर किती अपघात झाले ते पुणेकरांना वेगळं सांगायला नको. म्हणून ट्रक शिकणाऱ्याने वेग घेण्याआधी वेग उतरवायला शिकावं, असं माझं ठाम मत आहे.

कायद्याचं आधी सांगतो. मालवाहू वाहनासाठी वय किमान 20 लागतं आणि हलक्या वाहनाचं लायसन्स निदान एक वर्ष जुनं असावं लागतं. शेजारी जाणता उस्ताद, गाडी रिकामी आणि मैदान मोकळं, एवढं जमवून मगच सुरुवात करा.

इंजिन चालू केल्यावर पहिली नजर हवेच्या काट्यावर. ट्रकचे ब्रेक हवेवर चालतात. टाकीत हवा पुरेशी भरून हवा कमी असल्याचा बझर बंद होईपर्यंत गाडी जागची हलवायची नाही.

आता सपाट रस्त्यावर गिअर उतरवणं. अॅक्सिलरेटर सोडा, ब्रेकवर हलका पाय ठेवा आणि वेग पडू द्या. आरपीएमचा, म्हणजे इंजिनच्या मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांचा, काटा हिरव्या पट्ट्याच्या खालच्या टोकाला आला की क्लच दाबून खालचा गिअर टाका आणि क्लच हळू सोडा. एक गिअर खाली आलात की त्याच वेगाला इंजिनला साधारण चार-पाचशे आरपीएम जास्त फिरावं लागतं. ते फिरणं तुम्ही दिलं नाही, तर चाकं ते इंजिनकडून ओढून घेतात आणि केबिनला हिसका बसतो. म्हणून क्लच सोडण्याआधी अॅक्सिलरेटरला छोटासा टोला द्यायचा. किती, हे कानाला समजतं: इंजिनचा आवाज खालच्या गिअरच्या सुरापर्यंत चढला पाहिजे, त्यापुढे नाही.

जुन्या गाड्यांत गिअर कुरकुरतो, तिथे डबल क्लच लागतो. क्रम असा:

1. क्लच दाबा, गिअर न्यूट्रलला आणा.
2. क्लच सोडा आणि अॅक्सिलरेटरला टोला द्या.
3. लगेच पुन्हा क्लच दाबून खालचा गिअर टाका, मग क्लच सोडा.

दांडा जोराने ढकलू नका. आत जात नसेल तर वेग आणि आरपीएम जुळलेले नाहीत, एवढाच त्याचा अर्थ.

सिग्नलला थांबताना प्रत्येक गिअर मोजून उतरवायची गरज नसते. सपाटीवर गाडी थांबवायचं काम ब्रेकचं आहे, सहावरून थेट चौथा टाकला तरी चालतं. क्लच मात्र उशिरा दाबा. लांबूनच क्लच दाबून गाडी घरंगळू दिली की इंजिनची पकड सुटते आणि सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. इंजिन आता थरथरणार असं वाटलं की क्लच, त्याआधी नाही.

ब्रेक दाबल्यावर हवा चाकापर्यंत पोचायला क्षणभर जातो, म्हणून पाय लवकर ठेवा आणि हळूहळू भार वाढवा. गाडी थांबायच्या शेवटच्या हातभर अंतरात पाय थोडा हलका करा, थांबल्यावर पुन्हा दाबा. बरोबर जमलं की नाही ते मागून ऐकू येतं. फाळक्याच्या साखळ्या गप्प राहिल्या तर थांबणं साधलं, खळ्ळकन वाजल्या तर ब्रेक शेवटपर्यंत घट्ट धरला होता. वाघोली-बाणेरकडे फिरणाऱ्या पाण्याच्या टँकरवर तर हे फारच जपावं लागतं. टँकर अर्धा भरलेला असेल तर ब्रेक लागल्यावर पाणी पुढे येऊन आदळतं आणि थांबलेली गाडी पुढे ढकलते.

उताराचा हिशोब वेगळा. दिवे घाट असो, जुना कात्रज असो की बोगद्याचा उतार, गिअर उतार सुरू व्हायच्या आधी उतरवायचा. ज्या गिअरमध्ये घाट चढता त्याच गिअरमध्ये उतरा, असं जुने ड्रायव्हर सांगतात. पण हल्लीची दमदार इंजिनं वरच्या गिअरमध्येही घाट चढतात, म्हणून भरलेल्या गाडीला मी आणखी एक गिअर खालचा सांगेन. एक्झॉस्ट ब्रेक लावा, म्हणजे इंजिनचा धूर अडवून गाडीचा वेग रोखणारा ब्रेक. तो गाडी गिअरमध्ये असतानाच काम करतो आणि आरपीएम चढे असताना जास्त धरतो. पावसात रिकाम्या गाडीला मात्र तो जपून, मागची चाकं घसरू शकतात.

एवढं करूनही वेग वाढला तर ब्रेक ठामपणे दाबून वेग आठ-दहा किलोमीटरने खाली आणा आणि पाय पूर्ण काढा. पुन्हा वाढला की पुन्हा तेच. उतारभर ब्रेकवर पाय टेकवून ठेवला तर ड्रम तापतात आणि ब्रेक धरेनासे होतात. सारखं पंपिंग केलं तर हवा उतरते. उतारावर गिअर सुटून न्यूट्रलला अडकला, तर दांड्याशी झगडत बसू नका: आधी ब्रेकने वेग पाडा, मग त्या वेगाचा गिअर टाका.

आणि डिझेल वाचवायला न्यूट्रल मारणं कधीच नको. गाडी गिअरमध्ये उतरत असताना अॅक्सिलरेटर सोडला की आजच्या इंजिनात डिझेल जाणंच थांबतं. न्यूट्रलला उलट इंजिन चालू ठेवण्यापुरतं डिझेल जळतच राहतं. इंजिन बंद करणं त्याहून वाईट, कारण मग हवा भरणारा कॉम्प्रेसर थांबतो आणि स्टिअरिंगही जड होतं.

गाडी उभी करताना आधी पार्किंग ब्रेक लावा, मग पायाचा ब्रेक सोडा. उतारावर चाकाखाली लाकडी ठोकळा घाला. घाट चढून आला असाल तर इंजिन दोन-तीन मिनिटं तसंच चालू ठेवा, तापलेल्या टर्बोला तेवढा वेळ तेल मिळायला हवं, आणि मग बंद करून गिअरमध्ये टाका.