ऑक्सफर्डच्या जुन्या तुरुंगात जेवायला जाताय? मग हे वाचा

ऑक्सफर्ड कॅसलचा तुरुंग १९९६ ला बंद झाला, आता तिथे मालमेझॉन हॉटेल आहे आणि त्यांचं रेस्टॉरंटपण. टेबल आधीच ऑनलाइन बुक करा, वीकेंडला तर नक्कीच.

जेवणाआधी शेजारची कॅसल अँड प्रिझन टूर घ्या, कारण भुताची गोष्ट माहीत नसेल तर तिथे जेवून काय मजा. टूरमध्ये चढायच्या टॉवरला १०१ पायऱ्या आहेत, त्यामुळे हे पोटभर खाऊन नको, रिकाम्या पोटीच बरं 😄

भूत म्हणजे मुख्यतः मेरी ब्लँडी. बापाला पेजेतून आर्सेनिकचं विष घातलं म्हणून १७५२ मध्ये हिला इथे फाशी दिली, आणि फासावर जातानासुद्धा बाई म्हणे की मला फार उंच टांगू नका, अब्रूचा प्रश्न आहे! ती अजून फिरते असं लोक सांगतात, मला विचाराल तर अंधार आणि वाईन दोन्ही मिळून दिसत असणार.

हॉटेलच्या खोल्या म्हणजे जुन्या कोठड्याच, दोनतीन जोडून एक केलेली, दारं तीच जाडजूड. पण वर गेस्ट राहतात, उगाच दारं वाजवत फिरू नका. बिलात सर्व्हिस चार्ज आधीच लावलाय का ते बघा, नाहीतर वर परत टिप द्याल.