कॉर्न स्नेकच्या अंड्यांना खळगे पडत होते, त्यावर लागू पडलेला उपाय

कॉर्न स्नेक म्हणजे पाळला जाणारा एक बिनविषारी साप. नाशिकच्या एप्रिलमध्ये, अंडी घातल्यावर दुसऱ्याच आठवड्यात त्यांना खळगे पडायचे, बोटाने दाबल्यासारखे. थेट पाणी फवारलं, बुरशी आली. नारळाचा ओला भुसा दोन दिवसांत कोरडा. सलग दोन वर्षं फार जीव तुटला.

यंदा आधी व्हर्मिक्युलाइट (ओल धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) आणि पाणी काट्यावर समान वजनाने मिसळलं. मुठीत दाबल्यावर थेंब गळता कामा नये. अंड्यांच्या वरच्या बाजूला पेन्सिलीने खूण करून तीच बाजू वर ठेवत ती अर्धी पुरली. अंडी फिरवायची नाहीत, चिकटलेली सोडवायची नाहीत. झाकणबंद डबा थर्माकोलच्या खोक्यात, थर्मोस्टॅट २८ अंशांवर, सेन्सर अंड्यांलगत. थर्मोस्टॅट फक्त गरम करतो, म्हणून दुपारी खोक्यात गार पाण्याची बाटली. दर आठवड्याला डब्याचं वजन. जेवढी घट, तेवढंच कोमट पाणी कडेने.

खळगे पडलेच नाहीत. ६१व्या दिवशी कवचाला चीर गेली आणि इवलंसं नारिंगी नाक बाहेर आलं.