बर्डीवरून शब्दांचं जाडजूड पुस्तक आणण्याआधी

नागपुरात बँकेच्या परीक्षेची तयारी सुरू झाली की पहिली चक्कर बर्डीची, म्हणजे सीताबर्डीच्या बाजाराची. तिथून 'कठीण इंग्रजी शब्द' छापाचं एखादं जाडजूड पुस्तक येतं, ए पासून पाठांतर सुरू होतं आणि बी येईपर्यंत बहुतेकांचा दम संपतो. अ‍ॅबेट, अ‍ॅबेयन्स, अ‍ॅबडिकेट ओळीने घोकले तर डोक्यात खिचडी होणारच.

आयबीपीएस पीओच्या, म्हणजे सरकारी बँकांतल्या अधिकारीपदाच्या पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे 30 प्रश्न 20 मिनिटांत सोडवायचे असतात. गाळलेल्या जागी कोणता शब्द शोभेल, हे तिथे ओळखावं लागतं. नुसत्या अर्थावर भागत नाही. म्हणून शब्द वाक्यासकट उचला. 'मेटिक्युलस' आणि 'फॅस्टिडिअस' दोन्हींपुढे 'काटेकोर' लिहून आपण मोकळे होतो. पण पै-पैचा हिशेब चोख ठेवणारा कॅशिअर मेटिक्युलस. तर्रीवर शेव जरा कमी पडली म्हणून पोह्याची प्लेट परत करणारा फॅस्टिडिअस. पहिल्यात कौतुक, दुसऱ्यात नाक मुरडणं.

अशी वाक्यं आणायची कुठून? गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1911 मध्ये सुरू केलेलं 'द हितवाद' हे इंग्रजी वृत्तपत्र आपल्याच गावचं. आधी मराठी पेपरात बातमी वाचा, मग तीच हितवादमध्ये. गारपिटीने संत्र्याचं काय झालं हे ठाऊक असलं की 'मीगर कॉम्पेन्सेशन' म्हणजे तुटपुंजी भरपाई, हे डिक्शनरी न उघडताच कळतं. अग्रलेखाला मात्र पहिल्याच आठवड्यात हात घालू नका, जड जातो.

लॅटिन धातूंचा थोडा आधार होतो. 'बेने' म्हणजे चांगलं, 'माले' म्हणजे वाईट. त्यावरून बेनेव्होलंट, मॅलेव्होलंट सुटतात. फार खोलात जायची गरज नाही.

खरी मेहनत उजळणीची. एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने 1885 मध्येच दाखवून दिलं होतं की पाठ केलेलं सुरुवातीला भराभर विसरतं आणि नंतर विसरण्याचा वेग मंदावतो. म्हणून बुटाच्या खोक्यात तीन कप्पे करा : रोजचा, आठवड्याचा, महिन्याचा. शब्द आठवला तर चिठ्ठी पुढच्या कप्प्यात, अडला तर पुन्हा रोजच्यात. चिठ्ठीवर वाक्य लिहा, शब्दाच्या जागी रेघ मारा आणि शब्द मागच्या बाजूला. अर्थ लिहूच नका. रोजचा गठ्ठा खिशात ठेवला तर बर्डी ते खापरी मेट्रोत बसल्या बसल्या उरकतो.