इलेक्ट्रिक स्ट्राइक आणि ईएम लॉक निवडताना या चुका टाळा

बीओक्यूमध्ये, म्हणजे कामाच्या परिमाण-यादीत, एक ओळ हमखास सापडते: ‘ॲक्सेस कंट्रोल, ईएम लॉक ६०० पौंड, रीडर व एक्झिट बटणासह, ३२ नग.’ त्या ३२ नगांत रिसेप्शनचं १२ मिमी काचेचं दार असतं, जिन्याचं फायर डोअर असतं, सर्व्हर रूम असते, स्टोअर असतं आणि सुताराने जागेवर बसवलेलं साधं फ्लश डोअरही असतं. लॉक मात्र सगळ्यांना एकच: ईएम, म्हणजे विजेच्या चुंबकाने दार धरून ठेवणारं. पुण्यात दारांच्या हार्डवेअरची शेड्यूलं करायला लागून मला सोळा वर्षं झाली. एवढ्या काळात ज्या तक्रारींसाठी मला साइटवर बोलावलं गेलं, त्यांतल्या बहुतेकांचं मूळ या एका ओळीत होतं.

म्हणून आता मी लॉकचं नाव लिहायच्या आधी प्रत्येक दारासाठी चार वाक्यं लिहून घेतो. बाहेरून आत कसं यायचं? आतून बाहेर कसं जायचं? वीज गेली तर दाराने काय करायचं? फायर अलार्म वाजला तर काय करायचं? ही वाक्यं साध्या मराठीत लिहायची आणि त्यावर मालकाची, आर्किटेक्टची आणि फायर कन्सल्टंटची सही घ्यायची. ती एकदा पक्की झाली की लॉक निवडणं अर्ध्या तासाचं काम आहे.

फेल-सेफ म्हणजे सुरक्षित, हा गैरसमज

वीज गेल्यावर जे उघडं पडतं ते फेल-सेफ, वीज गेल्यावर बंद राहतं ते फेल-सिक्युअर. नावात ‘सेफ’ आहे म्हणून फायर डोअरलाही फेल-सेफ स्ट्राइक लिहिली जाते, आणि सगळ्यात धोकादायक चूक इथेच होते.

इलेक्ट्रिक स्ट्राइक झडपेत नसते, ती चौकटीत असते. लॅच, म्हणजे कुलपाची बाहेर आलेली जीभ, ज्या पट्टीच्या खाचेत जाऊन बसते, त्या पट्टीच्या जागी ती येते. तिचा ओठ विजेवर मोकळा होतो आणि लॅच खाचेत असतानाच दार ढकलून उघडता येतं. आतल्या बाजूचं हँडल मात्र पूर्वीसारखंच यांत्रिक राहतं. ते खाली दाबलं की लॅच आत ओढली जाते, वीज असो वा नसो. म्हणजे फेल-सिक्युअर स्ट्राइक असली तरी आतला माणूस अडकत नाही. अडकतं ते बाहेरचं, आणि तेच आपल्याला हवं असतं.

आता आगीचा विचार करा. आग लागलेल्या बाजूला हवा तापून फुगते आणि झडपेवर दाब येतो. झडप लॅचने चौकटीत धरलेली असेल तरच ती बंद राहते आणि धूर जिन्यात शिरत नाही. स्ट्राइक फेल-सेफ असेल तर अलार्मने वीज तोडताक्षणी तिचा ओठ सुटतो, लॅचला धरायला काही उरत नाही आणि दोन तासांचं प्रमाणपत्र असलेलं दार नुसत्या डोअर क्लोजरच्या जोरावर उभं राहतं. फायर डोअरवर स्ट्राइक लावायचीच असेल तर फेल-सिक्युअरच हवी, आणि ती त्या दाराच्या प्रमाणपत्रात बसणारी हवी.

मग जिन्यात उतरलेल्या माणसाला खालचा मजला धुराने भरलेला दिसला आणि त्याला परत एखाद्या वेगळ्या मजल्यावर शिरायचं असेल तर? त्या दाराला स्ट्राइक नको, झडपेच्या आत बसणारं इलेक्ट्रिक मॉर्टिस लॉक हवं, आणि तेही फेल-सेफ. वीज तुटली की जिन्याच्या बाजूचं हँडल मोकळं होतं, पण लॅच चौकटीतच राहते. दार आगीला बंद आणि माणसाला उघडं. हे लॉक महाग पडतं, झडपेत वायर न्यावी लागते, त्यासाठी बिजागरीतून किंवा लवचीक नळीतून वाट काढावी लागते. म्हणून ते शेवटच्या खर्चकपातीत पहिलं उडतं. तिथे मी भांडतो, आणि तुम्हीही भांडावं असं मला मनापासून वाटतं.

हिरवी पेटी भलत्याच ठिकाणी जोडणे

ईएम लॉकला आतून ओढून काढायचं हँडल नसतं. २८० किलोचा जोर धरून बसलेलं चुंबक फक्त वीज तोडल्यावरच सुटतं. म्हणून त्याच्या शेजारी हिरवी ब्रेक ग्लास पेटी असते. ती लॉकच्या पॉवर लाइनमध्येच हवी, म्हणजे काच दाबली की लॉककडे जाणारी वायर तिथल्या तिथे तुटते.

एका ऑफिसच्या हँडओव्हरला मी ती पेटी दाबली आणि दार जागचं हललं नाही. पेटी उघडून बघितली तर दोन बारीक वायरी कंट्रोलरच्या (कार्ड तपासून दार चालवणाऱ्या यंत्राच्या) एक्झिट बटणाच्या टर्मिनलला गेल्या होत्या. म्हणजे पेटी दार उघडत नव्हती, दार उघडण्याची कंट्रोलरला विनंती करत होती, आणि त्या क्षणी कंट्रोलर हँग झालेला होता. त्या मजल्यावर रोज दीडशे माणसं बसणार होती. वायरमनने वीस मिनिटांत जोडणी बदलली. पण मी त्या दिवशी ती दाबली नसती तर ती कधी दाबली गेली असती, हा विचार अजूनही येतो.

फायर अलार्म पॅनेलचंही तेच. पॅनेलचा रिले (विजेवर चालणारा स्विच) लॉकची वीज थेट तोडणारा हवा. ‘सॉफ्टवेअरमध्ये सेट केलंय साहेब’ हे उत्तर चालवून घेऊ नका. नेटवर्क स्विच बंद पडला की ते सेटिंगही पडतं. नॅशनल बिल्डिंग कोड २०१६ च्या चौथ्या भागाची अपेक्षा सरळ आहे: बाहेर पडण्याचं दार लोक ज्या बाजूने बाहेर पडतात त्या बाजूने किल्लीशिवाय उघडलं पाहिजे. किल्लीच्या जागी कार्ड आलं म्हणून अर्थ बदलत नाही. महाराष्ट्रात २००६ च्या अग्निप्रतिबंध कायद्याप्रमाणे दर जानेवारी आणि जुलैत फॉर्म बी, म्हणजे अग्निसुरक्षा यंत्रणा चालू स्थितीत असल्याचा दाखला, द्यावा लागतो. पंप आणि हायड्रंट तपासायला एजन्सी येते तेव्हाच अलार्म वाजवून प्रत्येक ॲक्सेसचं दार हाताने उघडून बघा.

चौकट भरल्यानंतर स्ट्राइक आठवणे

आपल्याकडे लोखंडी पत्र्याची चौकट उभी केली की मागची पोकळी सिमेंट मॉर्टरने भरतात. स्ट्राइकच्या पेटीला चौकटीच्या मागे तीनेक सेंटिमीटर किंवा जास्त जागा लागते. ती जागा पत्र्याची पेटी वेल्ड करून आधीच राखलेली नसेल, तर सहा महिन्यांनी फॅब्रिकेटर ग्राइंडर घेऊन येतो, पत्रा कापतो, छिन्नीने मॉर्टर फोडतो, आणि रंगवलेल्या चौकटीवर जळका पट्टा उठतो. फायर डोअरची चौकट असेल तर नुसता रंग जात नाही, प्रमाणपत्रही जातं. स्ट्राइकचा कटआउट चौकटीच्या ऑर्डरसोबतच गेला पाहिजे: उंची, झडपेचा हात डावा की उजवा, आणि लॅचची मध्यरेषा.

याच ठिकाणी एक बारीक गोष्ट निसटते. चांगल्या लॉकमध्ये मुख्य लॅचच्या शेजारी एक छोटी दुय्यम लॅच असते. दार बंद झाल्यावर ती पट्टीवर दाबलेली राहिली पाहिजे, म्हणजे मुख्य लॅच कार्ड घालून मागे सरकवता येत नाही. स्ट्राइकची खाच गरजेपेक्षा मोठी असेल तर दोन्ही लॅच खाचेत पडतात आणि दार प्लास्टिकच्या पट्टीने उघडतं. दार बंद करा, फटीतून टॉर्च मारा आणि छोटी लॅच कुठे टेकली आहे ते बघा.

‘कार्ड लागतंय, आवाज येतोय, दार उघडत नाही’

ही तक्रार आली की आधी कार्ड बदलतात, मग रीडर, मग कंट्रोलर. दाराला कोणी हात लावत नाही.

तुम्ही असं करा. दार गुडघ्याने हलकंच बंद दिशेला दाबून धरा, मग कार्ड दाखवा. आता उघडलं तर बिघाड विजेचा नाही, लॅचवर बसलेल्या दाबाचा आहे. लॅच स्ट्राइकच्या ओठावर आधीच रेलून बसलेली असते, आणि बहुतेक स्ट्राइक अशा ओझ्याखाली सुटत नाहीत. दाब येतो कुठून? एसीच्या हवेने खोलीत दाब वाढतो आणि झडप उघडण्याच्या दिशेने ढकलली जाते. धूर अडवणारी नवी रबर सील झडपेला मागे रेटते. बिजागरी झिजून झडप खाली उतरते. आणि कोकणात, गोव्यात, मुंबईत जुलैमध्ये लाकडी झडप फुगते आणि मार्चमध्ये ज्या खाचेत लॅच सहज बसत होती तिथे ती घासू लागते. त्यामुळे उन्हाळ्यात बसवलेल्या लाकडी दाराची पावसाळ्यात एक फेरी करारातच लिहून घ्या. जिथे हवेचा दाब राहणारच आहे, लॅब किंवा ऑपरेशन थिएटरसारखी जागा, तिथे ओझ्याखालीही सुटणारी स्ट्राइक मागवा. माहितीपत्रकात तो आकडा दिलेला असतो. दिलेला नसेल तर ती क्षमता नाही असं धरून चला.

शिल्लक कॅट-६ केबलवर लॉक चालवणे

ईएम लॉक १२ व्होल्टला साधारण अर्धा अँपिअर घेतं. पॉवर सप्लाय पॅनेल रूममध्ये आहे, दार ४० मीटरवर. नेटवर्कवाल्यांची कॅट-६ उरली आहे म्हणून तिची एक जोडी वापरली. जाऊन-येऊन ८० मीटर तांबं झालं, त्याचा रोध पाच ओहमच्या वर जातो. परिणामी पॅनेलवर १२ व्होल्ट असले तरी लॉकपाशी दहाच्या आत-बाहेर पोहोचतात, आणि चुंबकाची पकड व्होल्टेजच्या कितीतरी वेगाने घसरते. एखादा धट्टाकट्टा माणूस खांदा लावून दार उघडतो आणि दोष लॉकच्या माथी बसतो. तेच अंतर दीड चौरस मिमी वायरने काढलं तर साडेअकरा व्होल्ट मिळतात. लॉक २४ व्होल्टवर लावलं तर प्रवाह निम्मा होतो आणि त्या बारीक जोडीवरही तूट सव्वा-दीड व्होल्टच्या आत राहते. नवीन इमारत असेल तर मी २४ व्होल्टच लिहितो.

मोजताना एक काळजी घ्या. मल्टिमीटर लॉकच्या टर्मिनलवर, लॉक चालू असताना लावा. लॉक सोडवून मोजलं तर प्रवाहच नसतो, मग आकडा पूर्ण १२ दिसतो आणि बिघाड लपून राहतो.

डीसी स्ट्राइकच्या कॉइलवर १एन४००७ डायोड (प्रवाह एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) आडवा जोडायला विसरू नका, चंदेरी पट्टीची बाजू प्लसला. तो नसेल तर दर वेळी कॉइलचा झटका रिलेच्या टोकांवर बसतो आणि काही महिन्यांत ती चिकटतात. काही ईएम लॉकमध्ये हे संरक्षण आतच असतं आणि वरून डायोड लावला तर चुंबक सुटायला उशीर होतो, तेव्हा तिथे माहितीपत्रक आधी वाचा.

रिले बाहेर, भिंतीवर

छोट्या ऑफिसांत आणि सोसायट्यांत हे सर्रास दिसतं: बोटाचा ठसा घेणारं यंत्र बाहेरच्या भिंतीवर, आणि लॉक चालवणारा रिले त्याच यंत्रात. यंत्र दोन स्क्रूवर लटकलेलं असतं. ते खाली ओढलं की मागे एक्झिट बटणाच्या वायरी उघड्या पडतात, आणि त्या एकमेकींना टेकवल्या की दार उघडतं. ठसा कितीही अचूक ओळखला तरी उपयोग नाही. कंट्रोलर किंवा निदान वेगळा रिले मॉड्यूल आतल्या बाजूला, कुलूपबंद पेटीत ठेवा. बाहेर फक्त रीडर. कार्डंही बघून घ्या. १२५ किलोहर्ट्झची साधी कार्डं बाजारात मिळणाऱ्या यंत्राने सहज नकलता येतात. जिथे खरंच काही जपायचं आहे तिथे ती नकोत.

पट्टी करकचून आवळणे

ईएम लॉकची झडपेवरची लोखंडी पट्टी मागच्या रबरी वॉशरवर किंचित हलली पाहिजे. बोटाने कोपरा दाबला तर ती डुलायला हवी, म्हणजे ती स्वतः चुंबकावर सपाट बसते. फिटर ती ‘हलतेय’ म्हणून घट्ट आवळतो, पट्टी एका कडेलाच टेकते आणि २८० किलोचे ऐंशी-नव्वद उरतात. पट्टीवर रंगाचा हात फिरवला, चिकटपट्टी लावली, गंज चढला, तरी तेच होतं.

काचेच्या दाराबद्दल एवढंच: टफन केलेल्या काचेला नंतर भोक पाडता येत नाही, ती फुटते. ड्रॉप बोल्टसाठी (विजेवर भोकात उतरणाऱ्या कडीसाठी) पॅच फिटिंग, म्हणजे काच धरणारे धातूचे तुकडे, आणि भोकं काच भट्टीत जायच्या आधी ठरवा. आणि फ्लोअर स्प्रिंग (दार परत जागेवर आणणारी जमिनीतली स्प्रिंग) सैल होऊन दार मधोमध थांबत नसेल तर बोल्ट भोकात उतरणारच नाही. तिथे लॉक बदलून पैसे घालवू नका, स्प्रिंग दुरुस्त करा. माणसांच्या लोंढ्याने बाहेर पडायच्या दारावर ड्रॉप बोल्ट मुळीच नको. मागून रेटा आला की वीज तुटली तरी बोल्ट भोकात अडकून राहतो.

बॅटरी आहे, पण किती वेळ?

चार ईएम लॉक म्हणजे दोन अँपिअर, कंट्रोलर आणि रीडर मिळून अर्धा. पॉवर सप्लायच्या पेटीत १२ व्होल्ट ७ एएचची (अँपिअर-तासांची) एक बॅटरी. कागदावर पावणेतीन तास. पण त्या बॅटरीचे ७ एएच हे वीस तासांत सावकाश वापरली तर मिळणारे आहेत, त्यामुळे प्रत्यक्षात दोन तासांच्या आसपास, तेही ती नवी असताना. तीन वर्षांनी तीच बॅटरी अनेकदा दहा मिनिटंही धरत नाही, आणि रविवारी रात्री वीज गेली तर सगळी फेल-सेफ दारं सोमवार सकाळपर्यंत सताड उघडी. ज्या खोलीत माल किंवा डेटा आहे तिला फेल-सिक्युअर लॉक द्या. हँडओव्हरच्या दिवशी पेटीचा एमसीबी खाली पाडा, घड्याळ लावा आणि दार कधी सुटतं ते लिहून ठेवा. तो आकडा आणि बॅटरी बसवल्याची तारीख पेटीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला मार्करने लिहा. पुढच्या वर्षी येणाऱ्या माणसाला विचारायला बहुतेक वेळा कोणीच सापडत नाही.