बैठकीत गप्प बसलेल्यांना बोलते कसे करावे

एका अभियांत्रिकी कारखान्यात ग्राहकांच्या वाढत्या तक्रारींवर विचार करण्यासाठी बोलावलेल्या बैठकीचे संचालन काही वर्षांपूर्वी माझ्याकडे होते. उत्पादन, गुणवत्ता, देखभाल आणि स्टोअर अशा चार विभागांतील अकरा जण टेबलाभोवती बसले होते. कारखानाप्रमुखांनी सुरुवातीलाच ‘मुळात कामगारांचे लक्ष नसते’ असे सांगून टाकले आणि पुढचा पाऊण तास कामगारांना शिस्त कशी लावावी यावरच बोलणे झाले. स्टोअर सांभाळणारे एक ज्येष्ठ सहकारी या वेळात दोनदा समोरची वही उघडून पुन्हा मिटताना मला दिसले. बैठक संपल्यावर जिन्यात त्यांनी मला ते पान दाखवले. तक्रार आलेल्या प्रत्येक खेपेचा कच्चा माल एकाच पुरवठादाराकडून आला होता. ते बोलले नाहीत यात त्यांची चूक नव्हती. त्यांना बोलता येईल अशी बैठक मी आखलीच नव्हती.

गटचर्चा चालवणाऱ्यासाठी प्रशिक्षणाच्या क्षेत्रात ‘सुलभक’ हा शब्द रूढ आहे. सुलभकाने चर्चेच्या रीतीची जबाबदारी घ्यावी आणि विषयावरचे स्वतःचे मत बाजूला ठेवावे. एखाद्या विषयात आपलेच मत ठाम असेल, तर त्या दिवसापुरते संचालन दुसऱ्या सहकाऱ्याकडे सोपवणे प्रामाणिकपणाचे ठरते, कारण हातात खडू असलेला माणूस नकळत स्वतःला पटलेले मुद्देच फळ्यावर ठळक लिहितो.

तयारीची सुरुवात विषयपत्रिकेपासून करावी. ‘ग्राहक तक्रारी’ एवढाच विषय लिहिला, तर प्रत्येक जण आपल्या विभागाचा बचाव तयार करून येतो. त्याऐवजी ‘गेल्या तीन महिन्यांत परत आलेल्या मालात कोणते दोष पुन्हा पुन्हा आढळले आणि ते प्रथम कोणाच्या लक्षात येऊ शकले असते?’ असा प्रश्न लिहून दोन दिवस आधी पाठवला, तर माणसे नोंदी चाळून येतात. याच दोन दिवसांत, सहसा न बोलणाऱ्या दोघातिघांना त्यांच्या जागेवर जाऊन भेटावे आणि त्यांना काय दिसते ते विचारावे. विभागप्रमुखांनाही आधीच भेटून, आपले मत त्यांनी सर्वांत शेवटी मांडावे, अशी विनंती करावी. ही विनंती सर्वांसमोर केली, तर त्यांना अवघडल्यासारखे होते. चहाच्या वेळी, कारण सांगून केली, तर बहुतेक वरिष्ठ ती आनंदाने मान्य करतात, असा माझा अनुभव आहे.

वरिष्ठ शेवटी का, हे समजून घेण्यासाठी सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने 1951 पासून अमेरिकेत केलेले प्रयोग पाहावेत. तीन रेषांपैकी कोणती रेष नमुन्याच्या रेषेएवढी आहे, इतकाच साधा प्रश्न गटाला विचारला जाई. मात्र गटातील एक जण सोडून बाकी सर्वांना ठरवून चुकीचे उत्तर द्यायला सांगितलेले असे. डोळ्यांना उत्तर स्पष्ट दिसत असूनही सुमारे तीन चतुर्थांश लोकांनी निदान एकदा तरी गटाचे चुकीचे उत्तर उचलले. गटातील आणखी एकाने खरे उत्तर दिले, किंवा उत्तर मोठ्याने सांगण्याऐवजी कागदावर लिहायला मिळाले, तेव्हा हे प्रमाण बरेच घटले. ॲशच्या प्रयोगात सर्व जण समान पातळीवर होते. आपल्या कार्यालयात तर वय, हुद्दा आणि ‘मोठ्यांच्या आधी बोलू नये’ हा घरातून आलेला संस्कार यांचीही भर पडते.

म्हणून बैठकीची पहिली पाच मिनिटे लेखनाची ठेवावीत. प्रत्येकाला एक चिठ्ठी द्यावी, प्रश्न मोठ्याने वाचावा आणि सर्वांनी, वरिष्ठांसह, आपले उत्तर शांतपणे लिहावे. मग कनिष्ठांपासून सुरुवात करून प्रत्येकाने लिहिलेलेच वाचून दाखवावे; एक फेरी पूर्ण होईपर्यंत कोणीही मध्ये प्रश्न विचारू नये. वाचायला संकोच वाटत असेल, तर चिठ्ठ्या गोळा करून सुलभकाने वाचाव्यात. त्या कारखान्यात पुढच्या बैठकीत मी असेच केले आणि स्टोअरमधील ती नोंद तिसऱ्या चिठ्ठीतच सर्वांसमोर आली. मुद्दा एकदा फळ्यावर चढला की तो कोणाचा हे मागे पडते आणि लोक त्याच्याकडे तपासण्याची गोष्ट म्हणून पाहू लागतात.

गट कोणत्या अवस्थेत आहे, याची जाण ठेवणेही तितकेच गरजेचे आहे. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी 1965 मध्ये गटाच्या वाटचालीचे चार टप्पे मांडले: जुळणे, खटके उडणे, रीत बसणे आणि जोमाने काम होणे; 1977 मध्ये गट विसर्जित होण्याचा पाचवा टप्पा त्यात जोडला गेला. प्रत्यक्षात हे टप्पे ओळीने येतातच असे नाही आणि एक नवा माणूस रुजू झाला तरी गट मागे जाऊ शकतो. तरीही ही मांडणी सुलभकाला एका बाबतीत धीर देते. खटके उडू लागले म्हणजे गट बिघडला, असे मानण्याचे कारण नाही. बरेचदा माणसे एकमेकांना खरे सांगण्याइतकी जवळ आलेली असतात. नव्या गटात कामाची वाटणी आणि नियम स्पष्ट सांगावेत, खटक्यांच्या काळात वाद दडपू नयेत आणि गटाची घडी बसल्यावर सुलभकाने हळूहळू मागे सरावे.

वाद पेटला तर माणसांकडे न पाहता फळ्याकडे वळावे. ‘देखभाल विभाग कधीच वेळेवर येत नाही’ या वाक्यातला ‘कधीच’ काढून ‘गेल्या महिन्यात किती वेळा आणि किती उशीर झाला?’ असे विचारले की आवाज खाली येतो. जो सतत बोलतो, त्याचा मुद्दा दोन ओळींत लिहून ‘तुमचे म्हणणे हेच ना?’ अशी खात्री करून घ्यावी. आपले म्हणणे नोंदले गेले हे कळले की तो सहसा थांबतो. प्रश्न विचारल्यावर शांतता पसरली, तर मनातल्या मनात दहापर्यंत मोजावे आणि ती पोकळी स्वतः भरण्याचा मोह टाळावा. ऑनलाइन बैठकीत ही शांतता अधिक अवघड वाटते, म्हणून तेथे नावे घेऊन क्रम लावावा.

निर्णयाच्या बाबतीत गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गावाकडून शिकण्यासारखे पुष्कळ आहे. 2009 मध्ये सामूहिक वनहक्क मिळालेल्या या गावात अभ्यासगटात विषयाची सर्व बाजूंनी चर्चा होते, पण अभ्यासगट निर्णय घेत नाही; निर्णय ग्रामसभेत आणि तोही सर्वसहमतीने होतो. गाव आणि कार्यालय यांत फरक आहे, कारण कार्यालयात अंतिम अधिकार बहुधा एका व्यक्तीकडे असतो. परंतु समजून घेण्याची जागा आणि ठरवण्याची जागा वेगळी ठेवण्याची ही रीत कोठेही चालते. मोठ्या विषयासाठी एक बैठक केवळ समजून घेण्यासाठी ठेवावी आणि निर्णय दुसऱ्या बैठकीत घ्यावा. निर्णय गट घेणार आहे की गटाचे ऐकून वरिष्ठ घेणार आहेत, हे आरंभीच सांगावे. हे लपवले तर पुढच्या वेळी कोणी मनापासून बोलत नाही.

प्रस्ताव समोर आल्यावर ‘सर्वांना मान्य आहे ना?’ असे विचारू नये, कारण त्यावर माना डोलतात आणि हरकती जिन्यात व्यक्त होतात. त्याऐवजी ‘हा निर्णय फसला तर कशामुळे फसेल?’ असे प्रत्येकाला विचारावे. या प्रश्नाला उत्तर देणे म्हणजे विरोध करणे नव्हे, त्यामुळे भिडस्त माणूसही मोकळेपणाने सांगतो. आलेल्या हरकती इतिवृत्तात जशाच्या तशा नोंदवाव्यात, त्यांच्याशेजारी कोणते काम, कोणी आणि कोणत्या तारखेपर्यंत करायचे ते लिहावे आणि इतिवृत्त त्याच संध्याकाळी सर्वांना पाठवावे. पुढची बैठक तेच पान समोर ठेवून सुरू करावी.