नोकरी-घर सांभाळून पुन्हा चित्रं काढायला लागायचं असेल तर

शाळेत एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेल्या माणसांना महाराष्ट्रात तोटा नाही. संकल्पचित्रातली ती नक्षी, स्मरणचित्रातला बाजार नाहीतर विहिरीवरच्या बायका, भूमितीचा पेपर, सगळं आठवतं, ग्रेडही आठवते. मग दहावी आली, रंगपेटी माळ्यावर गेली आणि तिथेच राहिली. आता पस्तिशी-चाळिशीत कधीतरी वाटतं की परत काढावीत चित्रं, डोकं जरा हलकं होईल, पण वेळ कुठाय?

माझं मत असं की वेळ असतो, मांडामांड नडते. टेबल रिकामं करा, बोर्ड काढा, कागदाला टेप लावा, पाण्याचा मग, फडकं, ट्यूबची झाकणं उघडा (त्यातली दोन घट्ट बसलेली असणार), आणि झाल्यावर हे सगळं परत आवरा. अर्धा तास मिळाला तर वीस मिनिटं यातच जातात, आणि ऑफिसातून दमून आल्यावर हे कोण करणार, मग माणूस सोफ्यावर बसून रील्स बघतो आणि तासाभराने आणखी दमून उठतो. म्हणून आधी मांडामांड संपवायची, वेळेचं नंतर बघू.

पहिलं काम: एका पाऊचमध्ये मावेल एवढंच सामान

एक टूबी पेन्सिल, खोडरबर, सहा किंवा आठ नंबरचा एक राउंड ब्रश, जुन्या बनियनचा तुकडा आणि झाकणाचं छोटं पॅलेट. जलरंग सहा पुरतात: लेमन यलो, यलो ऑकर, क्रिमसन, अल्ट्रामरीन ब्लू, बर्न्ट सिएना आणि सॅप ग्रीन. काळा घेऊच नका, अल्ट्रामरीन आणि बर्न्ट सिएना मिसळलं की जो करडा येतो तो बाटलीतल्या काळ्यापेक्षा कितीतरी जिवंत दिसतो, निळा वाढवला तर थंड, तपकिरी वाढवला तर उबदार.

आता महत्त्वाचं. ट्यूबमधला रंग पॅलेटच्या खणांत भरून ठेवा आणि एक-दोन दिवस उघडं ठेवून वाळू द्या. जलरंगात डिंक असतो त्यामुळे वाळलेला रंग फुकट जात नाही, ओला ब्रश फिरवला की परत सुटतो. पोस्टर कलरचं असं करू नका, ते वाळून तडकतात. एकदा हे केलं की पुढे कित्येक आठवडे ट्यूबला हात लावावा लागत नाही, पॅलेट उघडलं की सुरुवात.

रंग आपले साधे स्टुडंट क्वालिटीचे चालतील. कॅमल म्हणजे आपल्या दांडेकरांनी १९३१ साली शाईपासून सुरू केलेल्या कॅमलिन कंपनीचे रंग, अर्ध्या महाराष्ट्राने पहिलं चित्र त्याच रंगांत काढलंय, तेव्हा आत्ताच इम्पोर्टेडच्या मागे लागायची गरज नाही. पैसे घालवायचेच असतील तर कागदावर घालवा. पातळ ड्रॉइंग पेपर पाणी लागलं की पापडासारखा वर येतो आणि आपल्याला वाटतं की आपल्यालाच जमत नाही. ३०० जीएसएमचा, म्हणजे चांगला जाड, जलरंगाचा कागद घ्या, पूर्ण इम्पीरियल शीट २२ बाय ३० इंचांचा असतो, त्याचे उभे-आडवे चार-चार भाग करून कापले की साडेपाच बाय साडेसातचे सोळा तुकडे होतात. याने दोन गोष्टी होतात, एक म्हणजे महागाच्या कागदाची भीती जाते कारण बिघडला तर सोळावा हिस्सा बिघडला, आणि दुसरं म्हणजे एवढंसं चित्र एका बैठकीत पूर्ण होतं. पूर्ण होणं फार महत्त्वाचं आहे, अर्धवट चित्रं साठली की मग त्या पाऊचकडे बघायलाही नको वाटतं.

आणि पाऊच कपाटात ठेवायचा नाही! फ्रीजवर, डायनिंग टेबलच्या कोपऱ्यात, जिथे येता-जाता दिसेल तिथे.

मग वेळ

पहाटे पाचला उठून चित्र काढीन असले संकल्प करू नका, ते एक जानेवारीच्या जिमसारखे. रोज जे होतंच त्याला चिकटवा: मुलांची स्कूलबस गेल्यावरची वीस मिनिटं, कुकर लावल्यापासून तो गार होऊन उघडेपर्यंतचा वेळ, ऑफिसात डबा लवकर संपवून उरलेला लंच ब्रेक. आठवड्यातून तीनदा जमलं तरी भरपूर.

घरातल्या बायकांसाठी मात्र हे एवढं सोपं नाही, खरं बोलूया. पुरुष वर्तमानपत्र घेऊन बसला तर त्याला कोणी हाक मारत नाही, बाई ब्रश घेऊन बसली की 'अगं माझा टॉवेल कुठाय' सुरू. त्यामुळे रोज नव्याने परवानगी मागितल्यासारखं करू नका, एकदाच घरात सांगून टाका की अमुक वेळेत मी उठणार नाही, दूध उतू गेलं तर गॅस बंद करता येतो सगळ्यांना. पहिले काही दिवस तोंडं वाकडी होतील, होऊ द्या.

काढायचं काय

समोर जे असेल ते. लसणाचा गड्डा घ्या, खरंच, इतका चांगला विषय नाही. खिडकीशेजारी ठेवा म्हणजे उजेड एकाच बाजूने येईल. तीन-चार मिनिटांत पेन्सिलने फक्त बाहेरचा आकार आणि जमिनीवर पडलेली सावली. मग लसणावर अगदी पाणीदार ऑकरचा एक हात, जिथे उजेड सगळ्यात जास्त तिथे कागद तसाच पांढरा सोडायचा, जलरंगात पांढरा रंग म्हणजे कोरा कागदच. आता थांबा. हे थांबणंच लोकांना जमत नाही, ओल्यावर परत रंग लावतात आणि चिखल होतो. तेवढ्यात चहा टाका. कागद हाताला गार लागेनासा झाला की वाळला समजा. मग निळसर करड्याने सावलीची बाजू, पाकळ्यांमधल्या फटी, खालची पडछाया, आणि ब्रश खाली. अजून थोडं नीट करू असं वाटलं की चित्र संपलं म्हणून समजायचं.

या वीस मिनिटांत ऑफिसचा मेल आठवत नाही, कारण कडेचा रंग वाळायच्या आत हात चालवायचा असतो, दुसरीकडे लक्ष द्यायला सवडच नसते. थकवा उतरतो तो बहुधा यामुळेच. यूट्यूबवर ट्युटोरियल बघणं ही मात्र वेगळी गोष्ट, ते बघून चित्र काढल्यासारखं वाटतं पण कागद कोराच राहतो, तेव्हा एक व्हिडिओ बघितला तर पुढचा बघायच्या आधी एक तुकडा रंगवायचा असं ठेवा.

कोणाला दाखवायचं?

सुरुवातीला कोणालाच नाही. फॅमिली ग्रुपवर टाकलं की सगळ्यांचे टाळ्यांचे इमोजी येतात, मग पुढचं चित्र आपण लसणासाठी नाही तर आत्यासाठी काढायला लागतो. थोडं बरं जमायला लागलं की कोणीतरी म्हणणारच, 'ऑर्डर घे की, चार पैसे मिळतील', नाहीतर गणपतीच्या डेकोरेशनचं काम गळ्यात मारतील. सरळ नाही म्हणा. डेडलाइन आली की तो छंद राहत नाही, दुसरी नोकरी होते. औंधचे भवानराव पंतप्रतिनिधी संस्थान चालवता चालवता चित्रं काढायचे, ते काही पोटासाठी नव्हतं. त्यांनी उभं केलेलं संग्रहालय सातारा जिल्ह्यात औंधला अजून आहे, एखाद्या रविवारी जरूर जा.

लसूण, कांदा, चपला, कपबशी झाली की बाहेर पडा. पुण्यात विश्रामबागवाडा, साताऱ्याकडे वाई आणि मेणवलीचा घाट, जिथे सकाळी कोणी ना कोणी चित्र काढत बसलेलं सापडतंच. एकट्याने रस्त्यात बसायला लाज वाटत असेल तर सुट्टीच्या दिवशी एकत्र स्केचिंग करणारे ग्रुप मोठ्या शहरांत आहेत, त्यांच्यात घुसा. मागे उभं राहून बघणारे लोक असतातच, त्यांना एवढंच म्हणायचं, 'शिकतोय'.

जुलै-ऑगस्टमध्ये कोकणात, मुंबईत कागद वाळतच नाही, तेव्हा नुसतं पेन्सिल किंवा पेनाने स्केच करा, नाहीतर पंख्याखाली बसा. पॅलेट ओलं असताना झाकण लावू नका, बुरशी येते. मध्ये महिनाभर खंड पडला, लग्नसराई, परीक्षा, आजारपण काहीही, तर नवं सामान आणायला जाऊ नका आणि 'सोमवारपासून'ही नको. त्याच पॅलेटच्या प्रत्येक खणात पाण्याचे दोन थेंब टाका, पाच-दहा मिनिटांत रंग मऊ होतात, तोवर स्वयंपाकघरातून एक वांगं घेऊन या.