वर्षअखेरीच्या रनआधी: जुन्या कोबोलमध्ये चुकीचे आकडे शिरू नयेत म्हणून

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी भागातल्या ज्या पतसंस्थांचं किंवा सौहार्द (कर्नाटकातल्या सहकारी) संस्थांचं व्याज आजही कोबोल या जुन्या संगणक भाषेतल्या प्रोग्रामवर निघतं, तिथल्या संगणक विभागासाठी ही तयारी आहे. ३१ मार्चच्या रात्री रन, म्हणजे सगळ्या खात्यांचं व्याज एका दमात काढण्याचं काम, मधेच तुटला आणि पडद्यावर मायक्रो फोकसची (कोबोल चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची) एरर १६३ आली, म्हणजे अंकांच्या रकान्यात भलतंच अक्षर सापडलं, की शोधत बसायला वेळ उरलेला नसतो. म्हणून फेब्रुवारीतच बसा. प्रोग्राम उघडण्याआधी आकडे कुठून कुठून येतात ते कागदावर लिहून काढा: शाखांच्या एक्सेल फाइली, पिग्मी एजंटांच्या मशीनची टेक्स्ट फाइल, ठेव पावत्यांची हाताने होणारी नोंद, आणि खुद्द जुनी मास्टर फाइल, म्हणजे सगळ्या खात्यांची मुख्य फाइल. मास्टरवर कुणी संशय घेत नाही, पण कधीकाळी रिकामा सोडलेला रकाना यंदा पहिल्यांदा हिशेबात आला की रन तिथेच पडतो.

मग प्रत्येक ठिकाणची जुनी फाइल घेऊन रकमेच्या रकान्यात शून्य ते नऊ सोडून काय काय आहे ते बघा. १,२५,००० मधले स्वल्पविराम, ५०००/- मधली तिरकी रेघ, रक्कम नाही तिथे नुसती आडवी रेघ किंवा ‘निरंक’, शिवाय सुरुवातीची शून्यं एक्सेलने खाल्लेले खातेक्रमांकही बघा. सीमाभागात आणखी एक गोष्ट आहे. एक शाखा देवनागरी अंक भरते, दुसरी कन्नड, तिसरी इंग्रजी, आणि शून्य तर तिन्हीकडे गोलच, त्यामुळे नजरेला फरक कळत नाही. यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरी किंवा कन्नड अंक ३ बाइट घेतो. पाच आकडी रक्कम १५ बाइटची होते आणि ठरावीक लांबीच्या रेकॉर्डमधले पुढचे सगळे रकाने सरकतात. दोष रकमेत असतो, एरर मात्र मुदतीच्या तारखेवर येऊ शकते. हे अंक प्रोग्रामनेच इंग्रजीत बदलून घ्यायला हरकत नाही, कारण एका अंकाला एकच अंक आहे, अर्थ बदलत नाही. ‘निरंक’ आणि कोरी जागा मात्र शाखेलाच विचारा. कोरं म्हणजे शून्य की भरायचं राहिलंय, हे प्रोग्रामला कळू शकत नाही.

इथेच माझा ठाम आग्रह आहे. मायक्रो फोकसमध्ये रनटाइमचा ‘एफ’ स्विच (अंकांच्या रकान्यांची ही तपासणी करणारी सोय) बंद करून १६३ गप्प करता येते आणि रात्र निभावते. तसं करू नका. एरर जाते, वाकडा आकडा तिथेच राहतो आणि त्यावर व्याज निघतं. ऊसबिलातून बाजूला काढून ठेवलेले ते कुणाचे तरी पैसे असतात.

प्रोग्राममध्ये ‘इफ न्यूमेरिक’ची (रकान्यात फक्त अंकच आहेत ना, ही) तपासणी रेकॉर्ड वाचल्याबरोबर करा, आकडा दुसऱ्या रकान्यात मूव्ह होण्याआधी. ‘ऑन साइझ एरर’ लिहिलंय म्हणून निर्धास्त राहू नका, ते निकाल रकान्यात मावला नाही किंवा शून्याने भागलं गेलं तरच धावून येतं. ग्रुपवर (अनेक रकान्यांच्या गटावर) ‘मूव्ह स्पेसेस’ केलेल्या ओळी शोधा, कारण आत कॉम्प-३ (एका बाइटमध्ये दोन अंक पॅक करणारा) रकाना असेल तर त्यात अंकांऐवजी स्पेस जाऊन बसतात. त्याऐवजी ‘इनिशियलाइझ’ वापरा, फक्त ते फिलरला (नाव न दिलेल्या रकान्याला) हात लावत नाही हे लक्षात ठेवा. वर्किंग स्टोरेजमध्ये (प्रोग्रामच्या स्वतःच्या रकान्यांत) सुरुवातीची व्हॅल्यू न दिलेले काउंटरही बघून घ्या. आणि ०००००००० ही तारीख न्यूमेरिक तपासणीत पास होते, म्हणून तारखा वेगळ्या तपासा.

मेनफ्रेमवर (मोठ्या कंपन्यांच्या मध्यवर्ती संगणकांवर) काम करणाऱ्या आपल्या मुलांना हाच आजार एस-झिरो-सी-सेव्हन (S0C7) या नावाने माहीत असतो. तिथे साध्या अंकांच्या रकान्यात शेवटी स्पेस असली तर चिन्हाच्या जागी अवैध कोड येऊन रन पडतो, पण पुढच्या बाजूची स्पेस बहुतेकदा मुकाट्याने शून्य धरली जाते. म्हणजे रन पडला नाही एवढ्यावरून डेटा स्वच्छ आहे असं म्हणता येत नाही. तिथून कॉम्प-३ असलेली फाइल आणायची असेल तर बायनरी मोडमध्येच आणा, टेक्स्ट मोडमध्ये अक्षरांचं रूपांतर होऊन पॅक केलेले आकडे मोडतात.

मार्चच्या पहिल्या आठवड्यात मास्टरच्या प्रतीवर चाचणी रन घ्या आणि त्यात मुद्दाम वाईट रेकॉर्ड घाला: कोरी रक्कम, मागे स्पेस, स्वल्पविराम, उणे रक्कम, कन्नड अंक, रकाना काठोकाठ भरेल एवढी संख्या. नाकारलेलं रेकॉर्ड वेगळ्या फाइलमध्ये शाखा, खातेक्रमांक आणि मूळ मजकुरासकट उतरलं पाहिजे, आणि रन पुढे चालला पाहिजे. शाखांना सूचना मराठी आणि कन्नड दोन्हींत पाठवा. प्रत्येक शाखेकडून रेकॉर्डची संख्या आणि रकमेची बेरीज सहीनिशी मागून घ्या. घेतलेली अधिक नाकारलेली रेकॉर्ड त्या संख्येशी जुळली नाहीत तर व्याजाचा रन सुरू करू नका. आणि त्या रात्री प्रत्येक शाखेत खातेवही उघडून उत्तर देणारं एक माणूस फोनवर असेल, हे आधीच ठरवून ठेवा.